तपासणारा दुसरा हवा

बाबा, तुमचा नातू कॅनडाला गेला. तुम्ही गेलात तेव्हा तो मांडीवरचा होता, आता माझ्याहून हातभर उंच आहे. परत येणार का, असं मी विचारलं नव्हतं, त्यानेच आदल्या आठवड्यात जेवताना सांगून टाकलं, "मम्मी, मैं लौटने के हिसाब से नहीं जा रहा. आप भी वो हिसाब मत रखना." मराठी त्याला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी त्याला आणखी एक पोळी वाढली. त्याचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो.

विमानतळावर सोडायला मीच निघाले. तेलीबागेतून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागलो आणि मागचं चाक बसलं. त्याने लगेच फोन काढला. "छोड़ो ना यार मम्मी, कैब बुला लेता हूँ." मी म्हटलं, वेळ आहे, बॅगा उतरव, खाली स्टेपनी आहे.

पाना हातात घेतला आणि लग्नाआधीची ती दुपार डोळ्यांसमोर आली: मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरसमोर तुम्ही बनियनवर उभे आहात, मी उकिडवी बसून पहिलाच नट जीव खाऊन आवळते आहे. "अगं, त्या एकट्यालाच का छळतेस? चाक तिरकं बसेल." चारही नट आधी हाताने, मग समोरासमोरचे थोडे थोडे, गाडी जॅकवरून उतरली की शेवटचा जोर. चाक बोल्टांवर टांगलेलं नसतं, तुम्ही सांगता आहात; नट त्याला हबवर, आतल्या फिरत्या तबकडीवर, दाबून धरतात, त्या दाबावर गाडी चालते. दाब गेला की बोल्ट कितीही जाड असो, तुटतो. आई खिडकीतून ओरडते, "हिला काय गॅरेज काढून द्यायचंय?" "मग हिच्या सासरी स्टेपनी बदलायला तू जाणारेस का?" एवढं झालं की पाना तुम्ही माझ्या हातातून काढून घ्यायचात. ज्याने आवळलं त्याने तपासायचं नाही, हा तुमचा रेल्वेतला शिरस्ता घरच्या गाडीलाही लागू होता. आवळणाऱ्याचा हात स्वतःच्याच बाजूने साक्ष देतो, म्हणायचात. तुमच्यानंतर ते काम माझ्या नवऱ्याकडे आलं.

म्हणून त्या दिवशी माझं आवळून झाल्यावर मी पाना मुलापुढे धरला. "अब मैं?" "हो, तूच. तुझ्या आजोबांचा नियम आहे." त्याने आयुष्यात पाना धरला नव्हता. पँटला डाग लागू नये म्हणून तो अवघडून वाकला आणि एकेक नट ओढून पाहू लागला. तिसऱ्याला पाना निसटला, बोटाचं साल निघालं. "आजोबा भी ना," म्हणाला आणि हसला. "टाइट है, मम्मी. एकदम टाइट." अमौसीला, विमानतळाच्या गेटवर त्याने मला वाकून नमस्कार केला तेव्हा त्याचा हात अजून काळा होता. आत गेल्यावर एकदा वळला असावा. काचेवर उन्हाची तिरीप होती, नीट दिसलं नाही.

आता त्याचे फोन आखूड झाले आहेत. थंडी है, खा लिया, रखता हूँ.

चाक बसवल्यावर थोडं अंतर चालवून नट पुन्हा आवळायचे असतात, हे मला माहीत आहे. पंक्चर टायर अजून डिकीत तसाच पडलाय. आमच्या तेलीबागेच्या पंक्चरवाल्याने परवा विचारलंच, "दीदी, स्टेपनी पर कब तक दौड़ाइएगा? लाइए, कम से कम कस दूँ." "बाद में, भैया," म्हणून मी पुढे गेले. हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते आहे. दुसऱ्या कुणी वाचलं तर किल्ली काढून घेईल. वेग घेतला की मागून गाडी थरथरते, बाबा. सुरुवातीला थरथरत नव्हती. पण त्या नटांना शेवटचा हात त्याचा लागलेला आहे, आणि तिथे दुसऱ्याचा पाना लागू देणं मला जमत नाही. उद्या बँकेतही मी याच गाडीने जाणार आहे.