तीन वेळा ळ

४ जानेवारी
भाकरी थापताना ती सकाळ आठवली. शेळीची धार काढून झाली होती, अंगण झाडलं होतं, तवा तापत होता. मालक खाटेवर बसून फोनवर काहीतरी टाइप करत होते. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला, त्यानंतर सहा महिने ते असंच बोलले. फोन माझ्यापुढं धरला. एकेक अक्षर जुळवत वाचलं, 'भाकर करपतीय.' वाचून होईपर्यंत करपलीच. मालक पोट धरून हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.
वाचायला मी अशी शिकले. आधी लेकीच्या, रंजनाच्या पुस्तकांवर, मग ह्यांच्या बोलण्यावर.

७ जानेवारी
रंजना बीडहून सुट्टीला आली. कॉम्प्युटरच्या कोर्सचा अभ्यास आणलाय. फाइलीत कोणतं अक्षर किती वेळा आलं, ते कॉम्प्युटरकडून मोजून घ्यायचं. मराठी मजकूर पाहिजे.
"आई, अण्णांची फाइल घेऊ?"
"घे."
मालक, म्हणजे तिचे अण्णा, बोलून झालं की फोनवरचं पाटीसारखं पुसून टाकत. शेवटच्या आठवड्यात पुसायचं राहिलं, तेवढं पानभर. फोनची बॅटरी फुगली तेव्हा रं.नं ते लॅपटॉपात घेतलं. फोन वडवणीच्या बाजारात मोडीत गेला. मी नंतर ते उघडून वाचलं नाही. आहे, एवढं पुरत होतं.
जाऊबाई दारातून म्हणाल्या, "अक्षरं मोजायला बीडला धाडली व्हय गं? माझ्याकडं धाड, तांदूळ निवडाय बसवते. ते बी मोजणंच हाय की!" खूप दिवसांनी हसलो.
आकडे आले. काना सगळ्यात जास्त. ळ फक्त तीन. सगळी यादी वहीत उतरवून घेतली. उगीच.

८ जानेवारी
गेलं.
आकडे नव्या फाइलीत लिहायचे होते. रं.नं चुकून नाव जुन्याच फाइलीचं दिलं. लिहायला म्हणून उघडली की कॉम्प्युटर आधी आतलं सगळं पुसतो म्हणे. आता आत नुसते आकडे. दुसरी प्रत नाही.
"आई, अण्णाला पुसलं गं मी."
म्हटलं, रडू नको, जेव. तोंडानं म्हटलं. ताट वाढलं नाही.

१० जानेवारी
रं. परवाच न जेवता बीडला गेली. आज फोन आला. सरांनीही पाहिलं, काही निघत नाही. "आकडे हायेत आई, पन क्रम न्हाई."
कळलं मला. पिठातून दाणा निघत नाही.
मी फोन ठेवून दिला. परत आला, उचलला नाही. वाईट वागले.

१४ जानेवारी
संक्रांत. बायका वाण घेऊन गेल्या. मी घरी.
वही काढली. ह्यांचं बोलणं आठवेल तसं लिहिलं. 'सकाळी खाट उन्हात घे.' 'शेळी विकू नको.' 'रंजीला शिकव.' 'चहात साखर टाक, आता कशाला भ्यायचं.' 'तू जेव.' मग यादीशी ताडून पाहिलं. बरीच अक्षरं कमी पडतात. ळ दोनच भरले.
तिसरा कुठला? वेळ? काळजी? असलं ते लिहीत नसत.
रं.ला फोन लावला. तिसऱ्या ळचं विचारलं. मग म्हणाली, "तू पाण्याला गेलतीस तवा एकदा फोन माझ्यापुढं धरलता त्यांनी. बस आलती. म्हटलं, आल्यावर वाचते."
"मग?"
"आल्यावर कुठं व्हते ते."
"फाइल तुझ्याजवळच व्हती की."
"धीर झाला न्हाई. म्हणून तर मोजायला घेतली, आई. मोजताना वाचावं लागत न्हाई."
 ह्या वेळी मी फोन ठेवला नाही.

१५ जानेवारी
पहिल्या बसनं बीडला गेले. भाकरी, ठेचा, तिळाचे लाडू नेले. रं.ला समोर बसवून जेवू घातलं. मग दोघींनी मिळून वहीत आणखी चार वाक्यं लिहिली. तिसऱ्या ळची ओळ मोकळी सोडली.