प्रिया वाचायला लागली

३ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून आमची शाळा घरीच. विद्यार्थिनी एक: बुद्धप्रिया, वय नऊ, चौथी अर्धवट. शिक्षिका एक: मी. बी.ए., बी.एड. (दुसरं वर्ष राहिलं, पण ते लग्नामुळे.)
शाळेतल्या मिस म्हणाल्या होत्या, प्रिया हुशार आहे, पण तिला अक्षरं जुळवता येत नाहीत, तज्ज्ञांकडून एकदा टेस्ट करून घ्या. वर्गात पन्नास मुलं कोंबायची आणि दोष म्हणे माझ्या मुलीत! नाव काढून आणलं.
भिंतीवर वेळापत्रक लावलं. चार रंगांत. जूनपर्यंत ती पेपर वाचेल.

५ फेब्रुवारी
नळाला पाणी आलं. चार दिवसांआड येतं, हे वेळापत्रकात धरायचं राहिलं. वाचनाच्या तासाला पिंप भरलं. प्रियाने सतरा बादल्या न चुकता मोजल्या. टेस्ट कशाला हवी?

११ फेब्रुवारी
अभ्यासक्रम सापडला. परदेशी आहे, फार गाजलेला. पहिल्या धड्यात मुलं बर्फावरून घसरगाडी ओढतात. प्रियाने विचारलं, बर्फ अंगणात कसा पडेल, तो तर रसवंतीत असतो. तिथेच अर्धा तास गेला. अभ्यासक्रम बंद. चौथीचं आपलं पुस्तकच बरं.

२० फेब्रुवारी
पुस्तक उघडलं की प्रियाचं पोट दुखतं. ओवा दिला.

२३ फेब्रुवारी
ओवा संपला.

२४ फेब्रुवारी
एका ओळीला वीस मिनिटं. मी आवाज चढवला. तिच्या भल्यासाठीच. मग मीच स्वयंपाकघरात जाऊन रडले. ती मागून आली आणि माझ्याच पदराने माझे डोळे पुसले. म्हणाली, आई, उद्या येईल मला.
उद्यापासून ओरडणार नाही.

२५ फेब्रुवारी
ओरडले.

९ मार्च, दुपारी ३
प्रियाने वाचलं! पूर्ण धडा, सलग, न अडखळता. पानसुद्धा बरोबर जागी उलटलं. मी काल फक्त तीनदा वाचून दाखवला होता. माझी पद्धत चालते आहे!
लगेच ह्यांना ऑफिसात फोन. हे म्हणाले, लई भारी, पण टेस्टची वेळ तेवढी घेऊन ठेवतो. ह्यांना आनंद म्हणून सोसत नाही.

१८ मार्च
सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. आज भाकरी थापता थापता म्हणाल्या, राजश्री, लेकरू वाचत न्हाय गं. पाठ म्हणतंय. मी बी वंदनेचं पुस्तक हातात धरून तसंच करते की. पान कुटं उलटायचं ते ठावं हाय, अक्षर एक ठावं न्हाय.
मी हसण्यावारी नेलं. त्यांचा अनुभव वेगळा, शिक्षणशास्त्र वेगळं.
संध्याकाळी आजी-नात शेजारी बसून वंदना म्हणत होत्या. दोघींच्या हातात एकेक पुस्तक, आणि दोघी एकदम पान उलटतात. इतकं गोड दिसत होतं, फोटो काढला.

२ एप्रिल
जयंतीला विहारात प्रिया संविधानाची उद्देशिका वाचणार. कमिटीच्या इंद्रजीतदादांना मीच सांगून आले. मिसनाही मुद्दाम आमंत्रण दिलं. बघू देत.
सात तारखेची टेस्टची वेळ रद्द केली. तालीम महत्त्वाची. हे म्हणाले, राजश्री, घाई करायलीस.

१५ एप्रिल, सकाळी
काल. प्रियाला पांढरा फ्रॉक, निळी रिबन. उद्देशिका खणखणीत झाली. टाळ्या. मी मागे वळून मिसकडे बघितलं.
तेवढ्यात इंद्रजीतदादांनी कौतुकाने तिच्या हातात दुसरा कागद दिला. गुणवंत विद्यार्थ्यांची नावं. म्हणाले, ही बी तूच वाच की गं बाळ.
प्रियाने कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग कागद नीट समोर धरला आणि उद्देशिका पुन्हा सुरू केली. पहिल्यापासून.
लोक आधी हसले. मग एकमेकांकडे बघू लागले. ती थांबेना.
शेवटी सासूबाई उठल्या. तिच्या हातातला कागद घेतला आणि दादांना म्हणाल्या, चष्मा घरी राहिला लेकराचा. तूच वाच.
प्रियाला चष्मा नाही. सासूबाईंनाही नाही. पण बँकेत, दवाखान्यात, कुठेही कागद पुढे आला की त्यांचा चष्मा कायम घरी राहिलेला असतो. बारा वर्षं ऐकते आहे मी हे वाक्य.
मिसनी जाताना प्रियाच्या डोक्यावरून हात फिरवला, बस.

१६ एप्रिल
पाणी आलं. पिंप भरता भरता प्रियाला विचारलं, पाठ का करत होतीस? बादलीतच बघत म्हणाली, मला वाचता आलं की तू रडत नाहीस.
ह्यांनी सोमवारची वेळ घेतली. मी या वेळी ती रद्द केली नाही. भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. त्याच्याबरोबर चार ठिकाणचा रंगही निघाला.

संध्याकाळी
प्रिया येऊन मांडीला टेकली. म्हणाली, आई, टेस्टमध्ये काय विचारतात ते तू मला आधीच वाचून दाखव. मी पाठ करते. तू काळजी करू नको.
मी मोबाईल पालथा ठेवला. मी तेच शोधत बसले होते.