रुपेरी ससाण्याचं माप

ओसाका,
२१ फेब्रुवारी २०११

एफ्राईनसान यांस,
ताझुको निशिवाकीचा नमस्कार.

यंदा थंडी लांबली, पण देवळामागची प्लमची झाडं वेळेवर फुलली. तिकडे मेक्सिकोत ऊन असेल. तुमचे गुडघे दुखतात असं ऐकलं, जपा. आमच्याकडे सगळं ठीक. मुखवट्यांचं दुकान चालू आहे. शिवणयंत्र कुरकुरतं, मीही कुरकुरते.

हे पत्र आणि सोबतचं खोकं कुवाबारासान तुम्हाला समारंभाच्या दिवशी दुपारी देतील, त्याआधी नाही. पत्र तेच वाचून दाखवतील. इतकी वर्षं ते तुमचे दुभाषे. तुम्ही आयोजकांना हासडलेल्या शिव्यांचं भाषांतर त्यांनी नेहमी ‘मनःपूर्वक आभार’ असं केलं. या वेळी मी त्यांच्याकडून वचन घेतलंय. एक शब्द गाळायचा नाही आणि गोडही करायचा नाही.

निरोपाच्या समारंभाबद्दल अभिनंदन. धाकट्या मिझोगुचींचा फोन आला होता. थोरले गेल्यापासून कुस्तीची कंपनी तेच बघतात. टोकियोत मोठ्या पडद्यावर ओकायामाची ती जुनी कुस्ती दाखवणार, मग तुम्ही रुपेरी ससाण्याचा नवा मुखवटा घालून रिंगमध्ये उभे राहणार आणि निवृत्त होणाऱ्या पैलवानाला देतात तसे तुम्हाला घंटेचे दहा ठोके देणार. “ताझुकोसान, आपल्याकडे एवढे परदेशी पैलवान येऊन गेले, पण त्या कुस्तीतल्यासारखी उडी एकानेही मारली नाही,” म्हणाले.

मी म्हटलं, खरंय. परदेशी एकानेही मारली नाही.

त्या कुस्तीच्या संध्याकाळी ओकायामात मी होते. मुखवट्यांच्या नाड्या तुटायच्या म्हणून थोरले मिझोगुची मला दौऱ्यावर न्यायचे. तुम्ही हॉटेलात दारू पिऊन आडवे झाला होतात आणि उठवायला आलेल्याला बूट फेकून मारला होतात. बाहेर सभागृह खचाखच भरलेलं. मिझोगुचींनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि तुमचा मुखवटा माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिला. कियोहारु तेव्हा तेवीस वर्षांचा, तुमच्याच उंचीचा, कार्यक्रमाच्या पहिल्या कुस्तीत रोज हरायला ठेवलेला. “आज तू ससाणा. तोंडातून ब्र काढायचा नाही,” एवढंच ते म्हणाले. तुमचं डोकं मोठं, त्यामुळे मुखवटा त्याला सैल होत होता. मी मानेपाशी चार टाके घालून तो आवळला. रुपेरी दोरा संपला होता म्हणून लाल घेतला. पडद्यावर बघा, उडीच्या आधी तो पाठमोरा होतो तेव्हा लाल टाके दिसतात.

तो तुमच्याहून उंच उडाला. वरच्या दोरावरून थेट रिंगबाहेर, समोरच्याच्या अंगावर, आणि तिथून मानेवर फरशीवर. इस्पितळाच्या दारापर्यंत त्याचा मुखवटा कुणी काढू दिला नाही. आत त्याला श्वास घेता येत नव्हता, तरीही नाही.

पुढच्या दौऱ्यात तुम्ही गळ्याला पांढरा पट्टा बांधून आलात. लोक उभे राहून रडले. मान मोडली माझ्या भावाची आणि पट्टा बांधलात तुम्ही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. कियोहारु कुस्ती सोडून गावी गेला, असं कंपनीने छापलं. त्याला घंटेचा एक ठोकाही मिळाला नाही.

वर मी लिहिलं, आमच्याकडे सगळं ठीक. ते सवयीने लिहिलं. त्याचे पाय तेव्हाच गेले. हातात चमचा जेमतेम राहतो. दुकानामागच्या खोलीत तो असतो, पडद्याच्या अलीकडे मी तुमची मापं घेत आले. एकदा तुम्ही विचारलंत, आत टीव्ही कोण बघतंय. मी म्हटलं, माझा भाऊ. तुम्ही म्हणालात, “तो होय. चांगला पोरगा होता. उडायचा छान.” मग कपाळाजवळ जास्त चमक लावायला सांगून निघून गेलात. त्याला भेटायला पडदा हाताने सारायचा होता, एवढंच.

मला राग आला. तो अजून आहे. तुम्हाला वाटेल, मग ही बाई माझे मुखवटे का शिवत राहिली? मला कियोहारुने शपथ घातली होती. म्हणायचा, ताई, मुखवट्याखाली कोण ते पैलवान सांगत नसतो. मी त्याची शपथ पाळली, मनातला राग मात्र सोडला नाही.

तरीही कदाचित मी मूग गिळून बसले असते. पण धाकट्या मिझोगुचींचा फोन आला त्या दिवशी टीव्हीवर ती कुस्ती पुन्हा लागली होती. कियोहारु बघत होता. मला हाक मारून म्हणाला, “बघ ताई, काय उडी मारलीय त्याने.”

त्याने, म्हणाला. स्वतःची उडीसुद्धा त्याने तुम्हाला देऊन टाकली आहे. ती मी परत घेणार आहे.

आता खोकं उघडा. मुखवटा उत्तम झालाय, माझ्या हातून असा दुसरा झाला नाही. पण तो कियोहारुच्या मापाचा आहे. तुमच्या डोक्यावर तो चढणार नाही आणि ताणलात तर उसवेल. जुने तुम्ही हौशी लोकांना विकून टाकलेत. संध्याकाळपर्यंत दुसरा कुणी शिवून देणार नाही.

मुखवटा उतरणं म्हणजे तुमच्या देशात पैलवानाचं मरण, हे तुम्हीच मला सांगितलंत. आज तुमचा चेहरा उघडा पडणारच. तो कशासाठी उघडा पडावा, एवढंच तुमच्या हातात आहे. उघड्या चेहऱ्याने रिंगमध्ये उभे राहिलात, तर पडद्यावर माझ्या भावाची उडी चालू असताना लोकांना कुणी अनोळखी म्हातारा दिसेल. नाहीतर खाली उतरा. पूर्वेकडच्या पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत कियोहारु बसलेला असेल. त्याला यातलं काही ठाऊक नाही. तुमचा निरोप बघायला जायचं म्हणून रोज माझ्याकडून दाढी करून घेतो. मुखवटा त्याला घाला आणि मग घंटा वाजवायला सांगा.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते काम तुमचं आहे.

मी त्याच्या शेजारीच असेन, पण मदतीला उठणार नाही. नाडी तुम्हीच बांधायची. हलक्या हाताने बांधा, त्या मानेला आता जोर सोसत नाही.

आजवर तुमची शिंपीण होते, आजपासून फक्त
कियोहारुची बहीण,
ताझुको