चाळीस टक्के नुकसान

६ जानेवारी, सोमवार
सकाळी अकराला एक मुलगी आली. नाव राजेश्री. परभणीच्या कॉलेजात समाजकार्य शिकते. हातात फॉर्मचा गठ्ठा, वर छापलेलं : 'माझे जीवनमान, माझ्या नजरेतून'. चोवीस प्रश्न. चार भाग – शरीर, मन, नाती, परिसर. प्रत्येक प्रश्नाला आपणच एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे अजिबात समाधान नाही, पाच म्हणजे पूर्ण. नवरा-बायकोने वेगवेगळे भरून पाकिटं चिकटवायची. पंधरा दिवसांनी ती नेणार.
विचारलं, यातून मिळणार काय. म्हणाली, काका, काही नाही, फक्त अभ्यास.
एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. नुसत्या अभ्यासासाठी पेडगावपर्यंत कोणी येत नाही.

७ जानेवारी
गावातली वीसच घरं निवडली म्हणे. त्यात आपलं कसं? शंका एक : पेन्शनवाल्यांची छुपी तपासणी. सुखी दिसला की काप. शंका दोन : दुःखी लोकांसाठी नवं अनुदान येतंय, त्याचा हा गुपचूप सर्व्हे. दोन्हींवर उपाय एकच, नुकसान दाखवणे.
दुपारी शेजारचा मुंजाजी आला. फॉर्म उलटापालटा करून पाहिला. म्हणाला, आमच्याकडं न्हाई आला असला कागद, तुमचंच काई तरी दिसलं आसंल त्यांना. काय दिसलं ते सांगेना. मुंजाजीवरही लक्ष ठेवायला हवं.

९ जानेवारी
पंचनाम्याचा अनुभव कामाला आला. पिकाचं तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत. बत्तीस लिहिलं की विषय संपला. शंभर लिहिलं की वरून पाहणीला येतात. मी कायम चाळीस धरायचो. चाळीसवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. तेव्हा आयुष्याचंही चाळीस.
आता नुकसान दाखवायचं कुठे? शरीरात दाखवलं तर मशीन लावून बीपी बघतील. परिसरात दाखवलं तर फोटो काढतील, त्यात दारातलं नवं शेड येईल. मनाचा भाग धोक्याचा, डॉक्टरकडे पाठवतात. राहिली नाती. नात्यांची स्थळपाहणी होत नाही. सगळं तिथेच टाकलं.
जोडीदार तुमचं ऐकून घेतो का? १. तुमच्या कष्टांची जाणीव ठेवतो का? १. मनातलं सांगता येतं का? १. असे सहाच्या सहा प्रश्नांना एक. बाकी ठिकाणी तीन-चार. बेरीज एकशेवीसपैकी बहात्तर. बरोब्बर चाळीस टक्के नुकसान. एकही खाडाखोड नाही. हात अजून गेलेला नाही माझा.
खरं पाहता त्या सहाही प्रश्नांना पाच द्यायला हवेत. अडतीस वर्षांच्या संसारात एक भांडण नाही. मी बोलतो, महानंदा ऐकते.

१० जानेवारी
अडचण महानंदाची. सोशिक बाई. नवऱ्याला सगळीकडे पाच देऊन मोकळी होणार. एकाच शेताचे दोन पंचनामे जुळले नाहीत की दोन्ही रद्द. तिला समजावलं, नात्यांच्या भागात जरा हात आखडता घे, मला वाईट वाटणार नाही. म्हणाली, तुमी काळजी करू नका. विचारलं, किती लिहिणार? म्हणाली, त्या पोरीनं सांगितलंय, कुणाला दाखवायचं न्हाई.
ही इतकी नियम पाळणारी कधीपासून झाली?

११ जानेवारी
ती उन्हाला बसून फॉर्म भरत होती. पाऊण तास. मला बावीस मिनिटं लागली होती. पाच-पाच लिहायला इतका वेळ कशाला? पाणी प्यायच्या निमित्ताने तीनदा मागून गेलो. तिसऱ्यांदा म्हणाली, लय तहान लागायलीय तुमाला. मग पाकीट चिकटवून महादेवाच्या फोटोमागे ठेवलं. तिथे मी हात घालणार नाही हे तिला पक्कं माहीत आहे.

१३ जानेवारी, सोमवार
संकल्प. फॉर्म जाईपर्यंत दुःखी दिसायचं, न जाणो अचानक कोणी आलं तर. दाढी नाही, पारावर जाणं नाही, हसणं नाही. घरात बोलणंही बंद. कागदावर नाती खराब आहेत, तोंडाने बोलत बसलो तर सापडू.
संध्याकाळी – मुंजाजीच्या शेतात हुरडा होता. गेलो. शेतात पाहणी येण्याची शक्यता कमी. दही आणि शेंगदाण्याची चटणी दोनदा घेतली. तरी चेहरा पाडूनच खाल्लं.

१५ जानेवारी
काल संक्रांत. तिळगूळ घेतला, गोड बोललो नाही. मन घट्ट करावं लागलं. घरात तीन दिवस एक शब्द नाही. नवल म्हणजे महानंदाने काय झालं म्हणून विचारलंही नाही. जेवायला वाढते, ताट उचलते, गुणगुणते. जणू नेहमीसारखंच चाललंय. हा तिचा डाव असावा.

१८ जानेवारी
दूध घालायला येणाऱ्या कमलबाईने विचारलं, दादा, तोंड का उतरलंय, बरं न्हाई का? बरं वाटलं. बाहेरच्यांना फरक दिसतो. घरातलीला दिसत नाही म्हणजे ती मुद्दाम बघत नाही.

२१ जानेवारी
राजेश्री पाकिटं न्यायला आली. महानंदाचं मी घेऊन देतो म्हणून पुढे झालो, तर तिने माझ्या खांद्यावरून हात लांबवून थेट त्या पोरीला दिलं. वर चहा, भाजलेल्या शेंगा. दोघी ओट्यावर अर्धा तास बोलत बसल्या. महानंदा एवढं बोलते हे नवीनच. मी आतून खोकलो. कोणी वळून बघितलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार
राजेश्री आभार मानायला आली. अनुदानाचं आडून विचारलं. नाही. पेन्शनचं विचारलं. काका, त्याचा काय संबंध, म्हणाली. म्हणजे खरंच अभ्यास.
निघताना म्हणाली, आकडे सांगता येत नाहीत, पण आमच्या मॅडमना तुमच्या घराचं कौतुक वाटलं. इतर घरांत नात्यांच्या भागात नवऱ्याचे पाच असतात आणि बायकोचे एक-दोन. तुमचे आणि काकूंचे सहाही आकडे सारखे. बायकोचं मन इतकं ओळखणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.
मी मान डोलावली. ती गाडीवर बसून गेल्यावर हिशेब केला. माझे सहाही एक. म्हणजे तिचेही सहाही एक.

३१ जानेवारी, संध्याकाळी
शंका नाही, माझ्या सांगण्यावरूनच तिने कमी लिहिले. आज्ञाधारक बाई. एवढंच आहे.
तरी उद्या विचारून घ्यावं.

१ फेब्रुवारी
विचारलं. तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, तुमी सांगितलं म्हणून न्हाई लिवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं, मग हाय ते लिवलं. हे रागाने म्हणाली नाही. राग असता तर काही तरी उत्तर देता आलं असतं.
मग तिने विचारलं, तुमी काय लिवलं?
एक, म्हणालो. सहाला एक.
तिने हातातली शेंग खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. असं तिने याआधी कधी बघितलं होतं ते आठवेना. म्हणाली, मग ठावं होतं की तुमाला.
माहीत होतं म्हणावं, तर अडतीस वर्षं काय केलं. माहीत नव्हतं म्हणावं, तर अडतीस वर्षं काय केलं. तिच्यासमोर बसून शेंगा सोलायला लागलो.
थोड्या वेळाने म्हणाली, दाणे टोपल्यात टाकायचेत, टरफलं खाली. मी उलटं करत होतो.