हौसाला डाग देऊ नको

जालंदर, मार्च १९७२

आईस, आकारामचा लांबनंच पाया पडून नमस्कार.

मी बरा हाय. मिलिटरी दवाखान्यात भांडी घासतो, पोटभर जेवतो. म्हैस व्याली का?

हौसाचं मोडल्यालं हाड वर्षामागं सांधलं, तरी तुझ्या पोरीचा पाय ठणकतो, म्हणून आमुशाला विळा तापवून डाग देणार म्हणतीस. आई, देऊ नको.

हितं कराडकडच्या एका जवानाचा पाय लढाईत गुडघ्यापासनं गेला. तरी म्हणतो, "आक्या, अंगठा ठणकतोय रं." मी हसलो. डॉक्टरसाहेब रागावले. म्हणाले, दुखणं मेंदूला कळतं. कवा कवा जखम भरती, पण मेंदू दुखणं सोडत न्हाई. मी हौसाचं सांगितलं, तर म्हणाले, लहान पोरांचंबी आसं होतं.

मला अर्धंच उमजलं. डोक्यातलं दुखणं पायात कसं? आन डोक्यातलं, तर खोटं कसं न्हाई? साहेब म्हणतात, खरंच हाय. तिला भिववू नका, रोज थोडं चालवा.

निघताना मी तिला ढोंगी म्हणालो. तरी लंगडत यष्टीपर्यंत आली. डाग द्यायचाच आसंल तर मी येईन तवा माझ्या जिभेला दे.

तुझा
आकाराम