बानूबाईचा हात

सोमवार, २ जून
परभणीत नोकरी लागली एकदाची! सेलूच्या जिनिंगात दोन महिने, मग बँडमागं झांजा, मग झरीत रसवंती. कुठंच टिकलो नाही. इथं टिकणार. कॅन्सरचा दवाखाना, खोली एसीची. शिवशंकरभाऊ मास्क बनवतात, मी हाताखाली. तोंडा-गळ्याला मशीनचा शेक द्यायचा तर डोकं तसूभर हलायला नको, म्हणून आधी मास्क. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात ओल्या पापडासारखं लुळं पडतं. ते चेहऱ्यावर ताणून टेबलाला क्लिपांनी अडकवायचं. गार होऊन कडक झालं की नाक, भुवया, ओठ, सगळं उमटतं. भाऊ म्हणाले, आत जबडा हलत न्हाई, पेशंटला बोलता येत न्हाई. जीव घाबरला की त्यानं हात वर करायचा, आपण क्लिपा काढायच्या. तोवर तू खोलीतनं हलायचं न्हाई, बाहेर कलेक्टर येऊ दे.

गुरुवार, ५ जून
आज बोरीची बानूबाई. मेंढरं राखणारी, जन्मभर मिश्री लावलेली. शेकाआधी किडक्या दाढा काढाव्या लागतात. तिच्या पाच काढल्या, जखमा भरल्या, मग बोलावलं. म्हणाली, लोकर कातरताना आमी मेंढराचे पाय बांधतो, तसं बांधायलाव की मला! लय हसलो. मग विचारलं, लेकरा, तू हितंच हाईस ना? हो म्हणालो. भाऊ मास्क बसवून दुसऱ्या खोलीत गेले. मास्क झकास आला. नाव लिहून भिंतीवर टांगला.

शुक्रवार, ६ जून
कालचं एक लिहायचं राहिलं. खिडकीखाली एकाची बुलेट सुरू होत नव्हती. किक कशी मारायची ते मी सांगायला गेलो. पाचच मिनिटं. आलो तर बानूबाईचा हात वर. किती वेळ, देवाला माहीत. क्लिपा काढल्या. तिच्या गालांवर जाळी उमटलेली. रडली नाही, नुसतं बघितलं. भाऊंना म्हणालो, म्हातारी शांत होती.

सोमवार, १६ जून
शेकाचा पहिला दिवस. बानूबाई आली नाही. तिच्या लेकीला, विजयमालाला फोन लावला. म्हणे, आई तोंडावर पदरबी घेईना, मरीन पण त्या जाळीत निजणार न्हाई म्हणतीय. भाऊंनी विचारलं, त्या दिवशी काही झालतं का? झालं असंल तर मी बोरीला जातो, या खेपेला स्वतः हात धरून बसतो म्हणून सांगतो. मी नाही म्हणालो.
नाही म्हणालो.

शुक्रवार, २७ जून
तिचा मास्क मी भिंतीकडं तोंड करून टांगतो. सकाळी तो दाराकडं बघत असतो. झाडूवाली बायनाबाई म्हणते, मी त्याला हात लावत न्हाई बाबा.
चहा पिताना माझा डावा हात आपोआप वर गेला. बायनाबाई हसली, शाळंत हाईस का म्हणे.

शुक्रवार, ११ जुलै
विजयमालाचा फोन. आई गेली. घास उतरत नव्हता. न्हाऊ घालताना एक हात खाली येईना म्हणे — चौघींनी दाबला तरी —

शनिवार, १२ जुलै
आरशात गालांवर जाळी. चोळतोय, जात नाही. भिंतीवरचा मास्क — नाक तिचं नाही. माझं. भुवईवरची लहानपणची खोकसुद्धा —

सोमवार, १४ जुलै
भाऊंना सांगायला गेलो. जबडा उघडेना. बोल की, म्हणाले. हात वर गेला. सुट्टी पायजे का, म्हणून हसले. गेले.
डावा अजून वरच. उजव्यानं लिहितोय. वही भाऊंच्या टेबलावर ठेवीन — ओठांवर काहीतरी — गरम होतं, आता गार — कडक —
भाऊ, त्या दिवशी मी खोलीत न