गारखेड्याच्या घराचा भांडवली नफा

सर,

वस्तुस्थिती क्रमाने मांडते. तुम्ही गेल्यावर गारखेड्याचे ते भाड्याने दिलेले घर काकूंच्या नावावर झाले. गेल्या महिन्यात त्यांनी ते विकले. नफ्यावरचा कर वाचवायचा तर विक्रीपासून दोन वर्षांच्या आत त्यांना दुसरे घर विकत घ्यावे लागेल. म्हणून काल त्यांनी तुमच्या दोन्ही शिष्यांना बोलावले, मला आणि त्याला. मी तीन सदनिकांची तौलनिक मांडणी करून नेली होती. काकूंनी चष्मा न लावताच ती बाजूला ठेवली. "कायद्याचं तू बघ बाई, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. घर मात्र त्याला बघू दे. मला राहायचंय तिथं." मी हसून मान डोलावली. आतून जळत होते. तुम्ही समोर असता तर तुमच्या ते लगेच लक्षात आले असते.

आम्ही दोघे एकाच वर्षी तुमच्या कचेरीत करसल्ल्याचे काम शिकायला आलो. मी विद्यापीठात पहिली आलेली. तो पैठणहून एसटीने यायचा, उशिरा यायचा, आणि विवरणपत्रातले आकडे खोडून त्यांवरच पुन्हा लिहायचा. त्याची खाडाखोड मी निस्तरायची आणि दुपारी तुमच्या स्कूटरवर मागे बसून अशिलांची घरे पाहायला जायचा तो. परत येता तेव्हा दोघांच्या चपला धुळीने माखलेल्या असतात, आणि जिना चढताना तुम्ही कुठल्या तरी गोष्टीवर हसत असता. ती गोष्ट मला कधीच कळत नाही.

गुंतवणूक म्हणून तुम्ही स्वतः घर घ्यायचे ठरवलेत, तेव्हा मी हर्सूलकडची बांधकाम चालू असलेली सदनिका सुचवली. कर्जावरचे व्याज, ताब्यापूर्वीच्या व्याजाची पाच वर्षांत मिळणारी वजावट, भाड्यातून तीस टक्के प्रमाणित वजावट. नऊ पानांच्या टिपणात एकही चूक नव्हती. त्याने गारखेड्याचे जुने घर सुचवले, तेही तोंडी. "सर, बोअरला मे महिन्यात बी पानी हाय. शेजारच्या खाला म्हनल्या, चहा बी पाजला त्यांनी. वरच्या खोलीचा जिना बाहेरून हाय, दोन बिऱ्हाडं ठेवता येतेत." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुमचा फ्लॅट कागदावर लई भारी. पर कागदाला नळ नसतोय ना!" तुम्ही डोळे पुसत हसलात. माझ्या टिपणावर 'उत्तम' असा शेरा दिलात, आणि घर त्याचे घेतलेत.

ते घर एक महिनाही रिकामे राहिले नाही. हर्सूलची सदनिका पुढे मीच घेतली, तुम्ही चुकलात हे सिद्ध करण्यासाठी. तिथे उन्हाळाभर टँकर येतो आणि भाडेकरू फाल्गुनातच सामान आवरतो. ज्या भाड्यातून वजावट घ्यायची, ते भाडेच हाती येत नाही.

मी मुलगी, म्हणून सरांनी मला कधी घरे पाहायला नेले नाही, असे मी वर्षानुवर्षे सांगत आले. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना सांगितले, व्यासपीठावरून सांगितले, काल काकूंनाही सांगितले. काकूंनी उठताना त्याला दुसऱ्यांदा चहा विचारला.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणूनच पुढचे लिहिता येते. पहिल्याच महिन्यात तुम्ही दारात थांबून म्हणाला होतात, "चल, एक घर बघून येऊ. कागद कुठं पळून जात नाहीत." मी मानसुद्धा वर केली नव्हती. "माझं काम अपुरं आहे सर, त्याला न्या," असे मीच म्हणाले होते. त्यानंतर तुम्ही त्याला नेऊ लागलात. नकार माझा होता, हे मान्य. पण तो मी एकदाच दिला होता. दुसऱ्यांदा का विचारले नाहीत, याचे उत्तर मला हवे आहे, आणि ते लेखी हवे आहे.